उद्दिष्टे जगाची, नोंदी गावच्या : शाश्वत विकासासाठीच्या पर्यावरण संशोधनाची प्रस्तावना

मार्च संपता संपता ज्या गावात टँकर सुरू होतो, तिथे ‘६.४.२’ हा क्रमांक कुणाच्या कानावर गेलेला नसतो. तो क्रमांक मात्र त्याच गावाच्या विहिरींबद्दल काही सांगू पाहतो. देशाला मिळणाऱ्या गोड्या पाण्यातून नद्या-ओढ्यांच्या जीवसृष्टीसाठी लागणारे पाणी बाजूला ठेवले, तर उरलेल्यापैकी किती टक्के पाणी माणूस उपसतो, हे दाखवणारा तो संयुक्त राष्ट्रांचा निर्देशक आहे. जागतिक बैठकीत ठरलेला असा निर्देशक आणि मराठवाड्यातली एखादी विहीर यांच्यामधले अंतर बरेच मोठे आहे. ते अंतर कापणाऱ्या संशोधनाची ओळख करून द्यावी, एवढाच या प्रस्तावनेचा हेतू. डोळ्यांसमोर वाचक आहेत ते पदवीसाठी प्रकल्प शोधणारे विद्यार्थी, पर्यावरण शिकवणारे शिक्षक, गावोगाव काम करणारे कार्यकर्ते, आणि ‘त्या सतरा उद्दिष्टांशी आमचा काय संबंध’ असे विचारणारे कुणीही. प्रश्न रास्त आहे, आणि या विषयात शिरायला तोच सर्वांत चांगला दरवाजा आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. मानवी पर्यावरणावरची पहिली मोठी जागतिक परिषद १९७२ साली स्टॉकहोमला भरली. गरिबी बाजूला ठेवून पर्यावरणाची चर्चा करता येणार नाही, ही भूमिका इंदिरा गांधींनी तिथे मांडली. त्याच वर्षी महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. १९८७ साली ब्रंटलँड आयोगाच्या अहवालाने शाश्वत विकासाची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या दिली : पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागवणे. २००० साली आठ सहस्रक विकास उद्दिष्टे आली. त्यांचा रोख मुख्यतः गरीब देशांवर होता. २५ सप्टेंबर २०१५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी जी १७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये स्वीकारली, ती मात्र श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखीच लागू आहेत. त्यांची मुदत २०३० पर्यंत आहे.

ही यादी पहिल्यांदा पाहणारा माणूस गांगरतो. तिची रचना कळली की भीती जाते. सहावे उद्दिष्ट सर्वांसाठी पाणी आणि स्वच्छता हे आहे. त्याखालचे ६.३ हे लक्ष्य पाण्याची गुणवत्ता सुधारण्याचे. त्याखालचा ६.३.२ हा निर्देशक विचारतो की, देशातल्या जलसाठ्यांपैकी किती साठ्यांचे पाणी चांगल्या प्रतीचे आहे. उद्दिष्ट भाषणात येते, लक्ष्य योजनेत येते आणि निर्देशक वहीत उतरतो. संशोधकाची जागा या वहीपाशी आहे. निर्देशकांची जागतिक चौकट संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने जुलै २०१७ मध्ये मान्य केली आणि त्यांची संख्या दोनशेहून जास्त आहे. भारताच्या सांख्यिकी मंत्रालयाने स्वतःची राष्ट्रीय चौकट तयार केली, आणि डिसेंबर २०१८ पासून नीती आयोग राज्यांची तुलना करणारा निर्देशांक काढतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार, ज्यांचे मूल्यमापन करता आले त्या लक्ष्यांपैकी जेमतेम १७ टक्के लक्ष्ये योग्य गतीने पुढे सरकत होती. या वाक्यातले ‘ज्यांचे मूल्यमापन करता आले’ हे शब्द नीट वाचावेत. साऱ्या १६९ लक्ष्यांबद्दल निकाल देण्याइतकी आकडेवारी जगाकडे जमलेलीच नाही. गती कमी आहे ही एक अडचण, आणि काही ठिकाणी गती किती आहे तेच माहीत नाही ही दुसरी.

जिथे आकडे आहेत तिथेही ते सरासरीत विरघळतात. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या मूल्यांकनात देशातला भूजल उपसा वार्षिक उपलब्धतेच्या सुमारे ६० टक्के आहे. हे ऐकून दिलासा वाटतो. पण पंजाबात तो १५० टक्क्यांच्या पुढे आहे, महाराष्ट्रात निम्म्याच्या थोडा वर. महाराष्ट्राच्या या आकड्यात पूर्व विदर्भातल्या भातशेतीचे पाणलोट आहेत, तसेच रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले, वर्षानुवर्षे अतिउपसा झालेले पाणलोटही आहेत. राज्याची सरासरी गावाच्या कामाची नाही, आणि गावाचा आकडा नसेल तर राज्याची सरासरी खरी नाही. या क्षेत्राविषयी मला एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच : उद्दिष्ट जगाचे असू शकते, मोजणी मात्र कुठल्या तरी एका ठिकाणी, कुणा तरी माणसाला, ठरलेल्या दिवशी जाऊन करावी लागते. त्या मोजणीत जेवढा दम असेल, तेवढाच त्यावर उभ्या राहिलेल्या उद्दिष्टात असतो.

पाण्याच्या बाबतीत हे जरा तपशिलात पाहू. महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. गंगेच्या खोऱ्यात गाळाचे जाड, सच्छिद्र थर असतात तसे इथे नाहीत. पाणी राहते ते वरच्या मुरमात, भेगांत, विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या खडकात आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. खाली अखंड काळा पाषाण लागला की खोदकाम वाया. म्हणून बांधाच्या अलीकडे बारमाही विहीर आणि पलीकडे तीनशे फूट कोरडा बोअर, असे दृश्य या राज्यात नवे नाही. पाणाड्याचा धंदा चालतो तो याच अनिश्चिततेवर. पुण्याच्या ‘अक्वाडॅम’सारख्या संस्थेने गेली काही दशके हाच मुद्दा लावून धरला आहे की, पाण्याचे नियोजन विहिरीपुरते करून भागणार नाही, जमिनीखालचा जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, ओळखावा लागेल. कारण एका जलधरावर वीस जणांच्या विहिरी असतात आणि प्रत्येकाला आपली विहीर स्वतंत्र वाटत असते.

विहिरीची पातळी मोजणे हे दिसायला अगदी साधे काम आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा घेते. कठड्यावर एक खूण रंगवलेली असते आणि टेप दर वेळी तिथूनच सोडायचा असतो. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची. पंप काही तास बंद असायला हवा. नसेल तर तसे लिहायचे. शेजारच्या विहिरीवर मोटार चालू असेल तर तेही लिहायचे, कारण तिच्यामुळे या विहिरीची पातळी उतरलेली असू शकते. खूण पुसली गेली आणि दुसऱ्या बाजूने टेप सोडला, तर वीस सेंटिमीटरची चूक कायमची नोंदीत शिरते. मे ते ऑक्टोबर या काळातली वाढ पुनर्भरण सांगते, ऑक्टोबर ते मे या काळातली घट उपसा आणि ओघळून गेलेले पाणी सांगते. एका वर्षाच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. दहा वर्षांच्या नोंदी बोलू लागतात.

त्या नोंदीवरून काय काढता येते ते पाहा. हेक्टरभर जमिनीखालची पातळी एक मीटरने उतरली, तर १०,००० घनमीटर पाणी गेले असे वाटेल. पण झिजलेला, मुरमाड बेसाल्ट आपल्या घनफळाच्या साधारण दोन टक्केच पाणी सोडतो. म्हणजे गेलेले पाणी सुमारे २०० घनमीटर, दोन लाख लिटर. आता उसाकडे वळू. त्याला वर्षाकाठी अंदाजे २,००० मिलिमीटर पाणी लागते. त्यातले ५०० मिलिमीटर पावसाने भागवले असे धरले, तर उरलेल्या १,५०० मिलिमीटरसाठी हेक्टरी १५,००० घनमीटर पाणी द्यावे लागेल. ते सगळे विहिरीतून काढायचे म्हटले, तर एका हेक्टर उसासाठी ७५ हेक्टर क्षेत्राखालची पातळी एक मीटरने खाली जाईल. जमिनीत परत मुरणारे पाणी धरले किंवा ठिबक बसवले, तर हा आकडा बराच खाली येईल. हिशेब ढोबळ आहे. तरी अवर्षणप्रवण तालुक्यात पिकाची निवड ही शेजाऱ्याच्या विहिरीचीही निवड असते, एवढे त्यातून स्पष्ट होते. हे गणित दहावीच्या मुलाला जमण्यासारखे आहे. अवघड काय, तर आपल्या गावच्या खडकासाठी दोन टक्के हा आकडा खरा आहे का हे तपासणे, आणि ते तपासून गावासमोर मांडणे.

असा हिशेब निर्णयापर्यंत पोहोचला तर काय होते, याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने घालून दिले आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे पाणलोटाची कामे झाली, ती इतरही अनेक गावांत झाली. वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. गावात पडलेला पाऊस मोजला जातो, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो आणि त्यावरून त्या वर्षी कोणते पीक किती घ्यायचे ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि उसासारखे पीक घ्यायचे नाही, हे नियम गावाने स्वतःवर घालून घेतले. पर्जन्यमापकातला आकडा थेट पेरणीपर्यंत पोहोचण्याची अशी उदाहरणे जगात फार नाहीत. पुढे अटल भूजल योजनेत ग्रामपंचायतीचा पाणी ताळेबंद हा कामाचा भाग झाला, आणि नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत बसवून दिली. गावाची वही आणि विद्यापीठाचे गणित यांची गाठ पडते ती अशा ठिकाणी.

तरीही ६.४.२ एक प्रश्न विचारत नाही. किती पाणी उपसले हे तो विचारतो. कुणी उपसले हे नाही. तो प्रश्न महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विचारला. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीवर ठरत नव्हता, माणसांवर ठरत होता : माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनांनाही त्यात वाटा होता, आणि उसाला मनाई. जागतिक निर्देशक यायच्या कितीतरी आधी दुष्काळी टापूतल्या शेतकऱ्यांनी समान वाटपाचे माप बनवले होते. नव्या संशोधकाने निर्देशक जसाच्या तसा उचलण्याआधी हा इतिहास वाचावा. निर्देशकात जे मोजले जात नाही, ते कित्येकदा अधिक महत्त्वाचे असते.

या क्षेत्रातले सर्वांत रंजक काम मात्र उद्दिष्टे एकमेकांच्या आड येतात तिथे आहे. शेततळ्याचे उदाहरण घ्या. पावसाचे वाहून जाणारे पाणी साठवावे आणि खंड पडला की पिकाला एखादी पाळी द्यावी, ही मूळ कल्पना. दुसऱ्या (उपासमार संपवण्याच्या) आणि सहाव्या अशा दोन्ही उद्दिष्टांना ती पोषक. प्रत्यक्षात अनेक भागांत तळ्याला प्लास्टिकचा कागद अंथरला जातो आणि ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरले जाते, म्हणजे डाळिंबाला किंवा द्राक्षाला उन्हाळ्यात हक्काचे पाणी मिळते. जमिनीखाली जे पाणी सर्वांचे होते, ते वर आले की एकाचे होते. शिवाय ३० मीटर लांब-रुंद तळ्याच्या उघड्या पाण्यातून उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर वाफ गेली, तर रोज सुमारे ७,२०० लिटर पाणी हवेत जाते. शेततळ्यांची संख्या वाढली हे एका अहवालात यश म्हणून नोंदवले जाते, त्याच शिवारातली पातळी खाली गेली हे दुसऱ्या अहवालात चिंतेचे म्हणून. दोन्ही अहवाल एकाच टेबलावर ठेवणे हे संशोधकाचे काम. त्यातून शेततळे वाईट ठरत नाही. कुठल्या खडकावर, कुठल्या पाण्याने भरलेले आणि किती, हे ठरवता येते.

पाण्याबाहेरही निर्देशकाची मर्यादा ओळखून प्रश्न विचारला की काम सुरू होते. ऊर्जेच्या सातव्या उद्दिष्टातला ७.१.२ हा निर्देशक विचारतो की, किती लोक मुख्यतः स्वच्छ इंधनावर अवलंबून आहेत. ‘मुख्यतः’ या शब्दात सगळी गंमत आहे. घरात सिलिंडर आलेला असतो, चहा आणि भाजी त्यावर होते. पण अंघोळीचे पाणी आणि भाकरी चुलीवरच. नोंदीत ते घर स्वच्छ इंधनाचे असते आणि त्या घरातल्या बाईच्या छातीत धूर पूर्वीसारखाच जात असतो. स्वयंपाकघरात दिवसभर सूक्ष्म धूलिकण मोजणारे उपकरण ठेवून, सोबत चूल केव्हा पेटली याची नोंद ठेवली, तर सर्वेक्षणात न दिसणारी गोष्ट दिसते. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने उसाच्या पाचटापासून कोळसा आणि खरकट्यावर चालणारे घरगुती बायोगॅस संयंत्र ही दोन तंत्रे विकसित केली. दोन्हींना अॅश्डेन पुरस्कार मिळाले, २००२ आणि २००६ साली. स्वयंपाक करणारीला काय परवडते आणि काय झेपते, हा प्रश्न त्या संशोधनाच्या मुळाशी होता.

दुसऱ्या उद्दिष्टातला २.५.१ हा निर्देशक बियाण्यांचे किती नमुने जनुकपेढ्यांत सुरक्षित आहेत ते मोजतो. शीतगृहातले बी महत्त्वाचे आहेच. पण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ‘बायफ’ या संस्थेच्या मदतीने उभी केलेली बीज बँक दर हंगामात शेतात उतरते; वाण पेरला जातो, निवडला जातो, शेजारणीला दिला जातो. बदलत्या पावसाशी जुळवून घेण्याची संधी त्या बियाण्याला वाफ्यात मिळते, शीतगृहात मिळत नाही. किती वाण साठवले याच्या जोडीला किती वाण किती घरांत पेरले गेले हेही मोजता येईल. कुणी तरी ते मोजायला हवे.

किनाऱ्यावर गेलो तर समुद्री जीवनाचे चौदावे उद्दिष्ट भेटते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे संरक्षण सुरू केले, आणि पहाटे किनारा फिरून घरटी शोधणारे, अंडी मोजणारे, पिल्ले केव्हा बाहेर आली ते लिहिणारे गावकरी तयार झाले. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर ओळखपट्टी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, या समजाला त्या एका पट्टीने धक्का दिला. ओडिशात ती पट्टी लावणारा माणूस आणि गुहागरात ती वाचणारा माणूस यांची भेट झाली नसेल. नोंदीची पद्धत एक होती म्हणून शास्त्राला एक गोष्ट कळली. आणखी दक्षिणेला गोव्यातली खाजन शेती आहे : बांध घालून खारे पाणी अडवायचे, मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, भरती-ओहोटीचे पाणी आत-बाहेर सोडायचे, पावसाळ्यात कोरगुटसारखे खारे सोसणारे भात आणि एरवी मासे. समुद्राची पातळी वाढू लागली की अन्न, हवामान आणि समुद्री जीवन ही तिन्ही उद्दिष्टे एकाच बांधावर येऊन उभी राहतात. बांध कुणी दुरुस्त करायचा, हा प्रश्न तिथे क्षारतेच्या मोजणीइतकाच शास्त्रीय आहे.

आता पद्धतीविषयी. पर्यावरणाच्या प्रकल्पात सर्वांत जास्त फसवतो तो पाऊस. चांगल्या पावसाच्या वर्षी सगळ्याच योजना यशस्वी दिसतात. म्हणून काम सुरू होण्याआधीची नोंद हवी, आणि काम न झालेले पण तसाच खडक व तसाच पाऊस असलेले एखादे गाव तुलनेला हवे. पातळी दोन मीटरने वाढली असे लिहिताना तुलनेच्या गावात ती किती वाढली हे सोबत लिहिले नाही, तर ते वाक्य जाहिरातीचे होते. पाण्याचा नमुना घेतला तर तो कुठल्या महिन्यातला हे सांगायला हवे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे, पण पावसाळ्यानंतरचा नमुना आणि मे महिन्यातला नमुना एकाच विहिरीचे असूनही वेगळी उत्तरे देऊ शकतात. जे जमले नाही तेही छापावे. कुठल्या नाल्यावर बंधारा टिकला नाही हे एका जिल्ह्याने लिहून ठेवले, तर दुसऱ्या जिल्ह्याचे पैसे वाचतात.

प्रश्न कुणाचा, हाही पद्धतीचाच भाग आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट ही रीत रुजली. गावातली माणसे आणि बाहेरून आलेले जाणकार एकत्र बसून एखादा विषय महिनोन्महिने उलगडत, आणि मग निर्णय ग्रामसभेत होई. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत २००९ साली मेंढ्याचे नाव आले, त्यामागे या अभ्यासाची शिदोरी होती. माधव गाडगीळ यांनी वा. द. वर्तक यांच्याबरोबर सत्तरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हाही लोकांनी राखलेल्या जंगलाकडे शास्त्रज्ञ शिकायला गेले होते. पुढे त्यांनी पुरस्कार केलेल्या लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या याच वाटेवरच्या. २००२ च्या जैवविविधता कायद्यानंतर नोंदवही ही स्थानिक समितीची जबाबदारी झाली. जिथे समितीने खरोखर बसून ती लिहिली तिथे ती कामाची आहे. जिथे ठेकेदाराने शेजारच्या गावची यादी उतरवून दिली तिथे ती फक्त कपाटात आहे.

या शेवटच्या प्रकाराबद्दल नव्यांना सावध करायला हवे, कारण विद्यार्थ्यांचे प्रकल्पही त्याच वाटेने जाऊ शकतात. मुखपृष्ठावर सतरा रंगांचे चक्र, आत इंटरनेटवरून उतरवलेली प्रदूषणाची कारणे, शेवटी झाडे लावण्याचे आवाहन, आणि गुण मिळून वही रद्दीत. इतक्या मुलांचे श्रम दरवर्षी असे वाया जावेत याची खंत वाटते. त्याच मुलांनी शाळेच्या आवारातली एक विहीर, एक ओढा किंवा एक कचराकुंडी वर्षभर मोजली आणि पुढच्या वर्गाने वही पुढे चालवली, तर दहा वर्षांत त्या शाळेकडे अशी मालिका असेल की विद्यापीठाने मागून घ्यावी. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प मांडतात. मुलांना हे जमते, याला वेगळा पुरावा नको.

मग सुरुवात कुठून करावी? आधी उद्दिष्ट निवडून त्याला साजेसा प्रश्न शोधू नये. आधी ठिकाण निवडावे, जिथे वर्षभर पुन्हा पुन्हा जाता येईल. तिथल्या माणसांना कशाची काळजी आहे ते ऐकावे. त्यातला मोजता येण्याजोगा एक तुकडा उचलावा. सरकारी नोंद आधीच असेल तर ती मागवावी. तलाठ्याकडचा पीकपेरा, तालुक्याचा पाऊस, भूजल यंत्रणेच्या विहिरी हे सगळे न वापरता पडून असते. मगच पाहावे की आपला प्रश्न कुठल्या निर्देशकाला भिडतो आणि तो निर्देशक काय सोडून देतो. निष्कर्ष हाती आले की पहिली मांडणी परिषदेत न करता ग्रामसभेत किंवा मोहल्ल्यात करावी. तिथले लोक दोन मिनिटांत दाखवून देतात की अमुक विहीर गेल्या वर्षी गाळ काढल्यामुळे वर आली, पुनर्भरणामुळे नाही. अशी दुरुस्ती कुठल्याही नियतकालिकाचा परीक्षक करू शकत नाही.

या क्षेत्राला भूशास्त्रज्ञ लागतात तसे हिशेबनीस लागतात, उपग्रहाची चित्रे वाचणारे लागतात तशा बायकांशी चुलीपाशी बसून बोलू शकणाऱ्या मुली लागतात, कायद्याचे जाणकार लागतात आणि गावाला समजेल असे मराठी लिहिणारेही लागतात. यातले एक काम येत असेल तर बाकीच्यांच्या जोडीने सुरुवात करता येते. सगळे येणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

२०३० आता फार दूर नाही. बरीच उद्दिष्टे तोवर गाठली जाणार नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांचेच अहवाल सांगतात. त्यानंतर नवी यादी येईल, क्रमांक बदलतील, चक्राचे रंगही बदलतील. १९७२ पासून आजवर जाहीरनामे असेच बदलत आले आहेत. पण जी यादी येईल तिला ‘आधी काय होते’ हे विचारावेच लागेल, आणि त्याचे उत्तर ज्यांनी आज मोजायला घेतले त्यांच्याकडेच असेल. सतरा उद्दिष्टांवर विश्वास असो वा नसो, आपल्या शिवाराची दहा वर्षांची खरी नोंद हाती असलेल्या गावाला तालुक्यात, मंत्रालयात किंवा न्यायालयात उभे राहताना दुसऱ्याच्या सरासरीवर विसंबावे लागत नाही. या विषयात येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत. येताना आपल्या गावचा एक प्रश्न घेऊन या.